विहिरीचं पाणी किती खाली जाईल? जिओलॉजी शिकलेल्यांसाठी पर्यावरण सल्लागाराचं काम

सावनेर किंवा उमरेड भागात कोळसा खाणीच्या विस्ताराची जनसुनावणी असली की मांडवातून एक प्रश्न हमखास येतो : "खाण खोल गेली तर आमच्या विहिरीचं पाणी किती खाली जाईल?" मंचावर जिल्हा प्रशासन, प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि कंपनी, सगळे असतात. पण या प्रश्नाचं खरं उत्तर सल्लागार संस्थेच्या हायड्रोजिऑलॉजिस्टकडे, म्हणजे भूजलाच्या तज्ज्ञाकडे, असायला हवं. एम.एस्सी. जिओलॉजी करून नागपुरातच पर्यावरण सल्लागार क्षेत्रात शिरायचं असेल, तर याच प्रश्नाची तयारी करा. हवा, आवाज आणि सांडपाणी मोजायला केमिस्ट्री आणि पर्यावरणशास्त्राची मुलं असतात. जमिनीखालचं पाणी मात्र आपलंच काम आहे.

आधी चौकट समजून घ्या. १४ सप्टेंबर २००६ च्या ईआयए (पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन) अधिसूचनेनुसार मोठ्या खाणी, वीज प्रकल्प, सिमेंट कारखाने यांना काम सुरू करण्याआधी पर्यावरण मंजुरी लागते. त्यासाठीचा अहवाल नॅबेटची (सल्लागारांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता असलेली सल्लागार संस्थाच करू शकते. नॅबेटने विषयांचे बारा विभाग पाडले आहेत. त्यातले भूविज्ञान आणि जलविज्ञान-भूजल हे दोन सरळ आपले, जमीन वापर आणि मृदा संधारण हे दोन थोडी मेहनत घेतली तर आपले. नवा पदवीधर लगेच तज्ज्ञ म्हणून सही करू शकत नाही. तो सुरुवातीला फील्ड टीममध्ये असतो, मग तज्ज्ञाच्या हाताखाली असोसिएट म्हणून काम करतो. पहिल्या दिवसापासून कोणत्या प्रकल्पात नेमकं काय केलं याची नोंद तारखेसह ठेवा. पुढे तज्ज्ञ म्हणून अर्ज करताना तोच पुरावा लागतो.

नागपूर यासाठी सोयीचं गाव आहे, ते इथल्या खडकांमुळे. पश्चिमेला हिंगणा, काटोलकडे दख्खनचा बेसाल्ट; उत्तरेला कामठी, सावनेरकडे गोंडवाना वालुकाश्म आणि कोळसा; पूर्वेला कुही, भिवापूरकडे जुना नाईस (रूपांतरित खडक); रामटेक, मनसरकडे सौसर गटाचे खडक आणि मँगनीज. एका दिवसाच्या फेरीत चार प्रकारचे जलधर (पाणी धरणारे खडक) पाहायला मिळतात. शिवाय नीरी (पर्यावरण संशोधन संस्था), भारतीय खाण ब्युरो, वेकोलि (कोळसा कंपनी) आणि मॉइल (मँगनीज कंपनी) यांची मुख्यालयं इथे आहेत. सीएमपीडीआयची (कोल इंडियाच्या खाण नियोजन कंपनीची) प्रादेशिक संस्था, केंद्रीय भूजल मंडळ आणि जीएसआय (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण) यांची मोठी कार्यालयंही इथेच आहेत. खाणीचं काम गावात, आणि खाणीच्या कागदपत्रांचंही गावातच.

आता प्रत्यक्ष काम. बेसलाइन म्हणजे प्रकल्पाआधीची स्थिती. ती पावसाळा सोडून एका ऋतूत, सलग तीन महिने नोंदवायची असते. त्यामुळे फील्डची माणसं ऑक्टोबरच्या आणि मार्चच्या आधी लागतात, अर्ज त्या हिशेबाने पाठवा. अभ्यासाचं क्षेत्र प्रकल्पाच्या सीमेपासून १० किलोमीटर. नवशिके नकाशावर खाणीच्या मध्यबिंदूतून वर्तुळ काढतात आणि तिथेच चुकतात. लीज (खाणीसाठी पट्ट्याने दिलेली जमीन) लांबट असेल तर एका टोकाची दोन-तीन गावं अभ्यासातून गळतात, आणि जनसुनावणीत नेमका त्याच गावचा सरपंच उभा राहतो.

विहिरींची पाहणी साधी वाटते, पण अर्धे अहवाल इथेच बिघडतात. टेप कठड्यावरून सोडला आणि पाणी ९.४५ मीटरवर लागलं, कठडा जमिनीपासून ०.८० मीटर उंच, तर पाणी जमिनीखाली ८.६५ मीटर. कठड्याची उंची वजा करायला विसरलात की प्रत्येक विहिरीत वेगळी चूक शिरते, कारण प्रत्येक कठडा वेगळा. त्याहून मोठी चूक म्हणजे मोटार नुकतीच बंद झालेल्या विहिरीत माप घेणं. तेव्हा मिळते ती उपशाची पातळी, विहिरीची स्थिर पातळी नव्हे. शेतकऱ्याला "मोटार कधी बंद केली?" हे विचारा आणि उत्तर वहीत लिहा. बेसाल्टातली विहीर भरायला रात्रभरही लागू शकते, म्हणून मापाची फेरी पहाटे, वीज यायच्या आधी करावी.

या पातळ्यांवरून समपातळी रेषा (पाण्याची पातळी सारखी असलेली ठिकाणं जोडणाऱ्या) काढायच्या तर जमिनीची समुद्रसपाटीपासूनची उंची लागते. हातातला जीपीएस उंचीत पाच-दहा मीटर सहज चुकतो. अशा उंचीवर दोन मीटर अंतराच्या रेषा काढल्या, तर पाणी डोंगर चढताना दिसतं. डीजीपीएस (जास्त अचूक जीपीएस) वापरा, किंवा जवळच्या बेंचमार्कपासून (उंची माहीत असलेल्या खुणेपासून) लेव्हलिंग करा.

आता मांडवातल्या प्रश्नाकडे. खाणीतून पाणी उपसल्यावर परिणाम किती दूर जाईल, याचा पहिला अंदाज बहुतेक जण सिचार्टच्या सूत्राने काढतात : ३००० गुणिले पाण्याची घट मीटरमध्ये, गुणिले पारगम्यतेचं वर्गमूळ. पारगम्यता म्हणजे खडकातून पाणी किती सहज वाहतं त्याचं माप, ते मीटर प्रति सेकंदात घ्यायचं. पातळी ४० मीटर उतरवायची आहे आणि पारगम्यता ०.००००१ आहे असं धरा. उत्तर येतं सुमारे ३८० मीटर. तीच पारगम्यता ०.०००१ असेल तर उत्तर १,२०० मीटर. खाणीपासून ८०० मीटरवरचं गाव पहिल्या हिशेबात सुरक्षित आणि दुसऱ्यात बाधित! सगळं उत्तर त्या एका आकड्यावर टांगलेलं असतं, आणि अनेक अहवालांत तो आकडा पुस्तकातल्या तक्त्यातून उचललेला असतो. हे मला अत्यंत चुकीचं वाटतं. ज्या वालुकाश्मात खाण आहे, त्याच वालुकाश्मात पंपिंग टेस्ट (बोअरमधून सलग पाणी उपसून पातळी कशी उतरते ते मोजणं) व्हायला हवी.

टेस्ट १,००० मिनिटांची करायची ठरवली तर शेताच्या वीजजोडणीवर विसंबू नका. कृषिपंपाला वीज पाळीपाळीने मिळते, मधेच गेली की टेस्ट वाया. डिझेल जनरेटर न्या. पहिली दहा मिनिटं दर मिनिटाला माप, नंतर अंतर वाढवत न्या. उपसलेलं पाणी पाइपने शंभरेक मीटर दूर सोडा. बोअरशेजारच्या मुरमात सोडलं तर तेच पाणी झिरपून परत येतं आणि घट कमी दिसते. पंप बंद केल्यावर पाणी वर येतानाची मापं घेतल्याशिवाय तिथून निघू नका. पंपाचा वेग कमीजास्त झाला असेल तर चढत्या मापांवरच जास्त विश्वास ठेवता येतो.

नमुन्यांचं गणितही पाठ हवं. सहा इंची बोअर, खोली ६० मीटर, पाणी १५ मीटरवर : म्हणजे ४५ मीटरचा स्तंभ, साधारण ८०० लिटर. साचलेलं पाणी काढून टाकायला त्याच्या तिप्पट, म्हणजे २,४०० लिटर उपसायचं. सेकंदाला एक लिटर देणारा पंप असेल तर चाळीस मिनिटं. हातपंपावर हे जमत नाही. तिथे दर पाच मिनिटांनी पीएच, ईसी (पाण्याची विद्युतवाहकता) आणि तापमान मोजा, लागोपाठ तीन वेळा आकडे स्थिर राहिले की बाटली भरा. वालुकाश्मातल्या काही बोअरचं पाणी काढताना स्वच्छ दिसतं आणि तासाभरात तांबूस होतं. विरघळलेलं लोह हवा लागून खाली बसतं. धातूंसाठीची बाटली जागेवरच ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून लगेच नायट्रिक आम्लाने पीएच दोनच्या खाली आणायची, ती यासाठी. हे राहिलं तर लॅब लोह कमी दाखवते, आणि त्यात लॅबचा काही दोष नसतो.

निकाल आला की तो तसाच तक्त्यात चिकटवू नका. धन आणि ऋण आयनांची बेरीज मिलिइक्विव्हॅलंटमध्ये (विद्युतभाराच्या हिशेबात) करून फरक पाच टक्क्यांच्या आत आहे का ते बघा. संत्र्याच्या बागेतल्या विहिरीचा ताळा बसत नसेल, तर बरेचदा नायट्रेट तपासायचंच राहिलेलं असतं. खतामुळे ते लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेपलीकडे सहज जातं. खाणीच्या आधीच ते तिथे होतं हे नोंदवणं शेतकऱ्याच्याही हिताचं आणि कंपनीच्याही.

ईआयएच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही द्यावा लागतो. हे काम बहुतेक ठिकाणी शेवटच्या आठवड्यात भाषांतराच्या सॉफ्टवेअरवर ढकललं जातं. मग "भूजल अवनमन शंकूची त्रिज्या" असलं काहीतरी गावात वाटलं जातं. ज्याला "खाणीपासून अमुक मीटरच्या आतल्या विहिरींचं पाणी उन्हाळ्यात इतके फूट उतरेल, त्यातल्या इतक्या विहिरी कोरड्या पडू शकतात" असं साध्या मराठीत लिहिता येतं, तो माणूस संस्थेला फार उपयोगी असतो. फूटच लिहा, मीटर कंसात.

ईआयएपलीकडेही काम आहे. भूजल उपशाच्या ना-हरकतीसाठी अहवाल लागतात. राखेच्या तलावांभोवती पिझोमीटर (भूजलाची पातळी मोजायच्या नळ्या) बसवून पाण्यावर लक्ष ठेवावं लागतं. जुलै २०२२ मध्ये कोराडीच्या खसाळा राखतलावाचा बांध फुटल्यानंतर हे किती गरजेचं आहे ते सगळ्या जिल्ह्याने पाहिलं. जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. जमिनीत मुरलेलं प्रदूषण कुठवर पसरलं हे शोधायला खडक आणि पाणी दोन्ही कळणारा माणूस लागणार. यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा देणाऱ्यांनीही हे काम कमी लेखू नये. हायड्रोजिऑलॉजीच्या पेपरातलं बरंचसं इथे हाताने शिकता येतं.

मुलाखतीला जाताना प्रमाणपत्रांपेक्षा एक नकाशा न्या. आपल्या गावाजवळच्या दहा-पंधरा विहिरी निवडा, मे महिन्यात आणि नोव्हेंबरमध्ये पहाटे माप घ्या, कठड्याची उंची, मोटारीची वेळ, खडक आणि ईसी लिहा. क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात दोन्ही वेळच्या समपातळी रेषा काढा. एखाद्या विहिरीचं माप बाकीच्यांशी जुळत नसेल तर ते गाळू नका, का जुळत नाही ते शेजारी लिहा. मुलाखत घेणारा अनुभवी असेल तर तो नेमकं त्याच विहिरीवर बोट ठेवेल.