लोहारसाळेतला अंधार

रविवार, रात्री

गावची जुनी लोहारसाळ दुरुस्त करायचं घाटतंय. खिडक्या पाडून मोठ्या करायच्या, आत उजेड आणायचा, असं बैठकीत ठरत आलंय. मला ते पटेना, म्हणून आज दुपारभर तिथेच बसलो.

भिंती आपल्या माणदेशातल्या काळ्या दगडाच्या, दोन हात जाड. आतून-बाहेरून घडीव दगड, मधे कपच्या आणि मातीची भर. दोन्ही अंगं धरून ठेवायला अधूनमधून एखादा लांब आडवा दगड. या दगडातच लोह भरपूर, म्हणून पावसाने झिजलेल्या कडा तांबूस झाल्यात. दार ठेंगणं. झरोका एकच.

"उन्हात रंग कळत नाय, बाबा," लोहारकाका म्हणाले. किती तापलं हे रंगच सांगतो: आधी मंद लाल, मग नारिंगी, पिवळा. पांढरं होऊन ठिणग्या फुटू लागल्या की लोखंड जळायला लागलं. भर उजेडात लाल रंग फिका दिसतो, आणि माणूस नको तेवढं तापवत राहतो. म्हणजे हा अंधार मुद्दाम राखलेला आहे!

छिन्नीला पाणी द्यायची, म्हणजे टोक कडक करायची वेळ आली तेव्हा मात्र काका उठून दारात आले. टोक पाण्यात बुडवून काढलं, दगडावर घासून चकचकीत केलं. मागच्या भागातली धग पुढे सरकू लागली तसे टोकावर पिवळा, तपकिरी, जांभळा असे रंग चढत गेले. जांभळा येताच पुन्हा पाण्यात. हे रंग बघायला उजेडच लागतो. आत भट्टीपाशी काळोख, चार पावलांवर दारात लख्ख ऊन. बांधणाऱ्याने दोन्हींची सोय करून ठेवलीय. पूर्वी इथेच वर्षभर नांगराचे फाळ शेवटायचे, म्हणजे झिजलेलं टोक पुन्हा घडवायचं, विळे-खुरपी करायची आणि सुगीला खळ्यावरून बलुतं घ्यायचं. गाडीच्या चाकांना धाव, म्हणजे लोखंडी पट्टी, चढवायचं काम तेवढं अंगणात, गोवऱ्यांच्या जाळावर.

दगडांमधल्या दर्जांत, म्हणजे सांध्यांत, सिमेंट भरायलाही माझा विरोध आहे. मातीतल्या भिंतीची ओल त्याने आतच कोंडते.

पुढची बैठक साळेतच घ्या, असं उद्या सरपंचांना सांगणार आहे. काकांनी सगळ्यांसमोर एकच सळई आधी काळोखात आणि मग बाहेर उन्हात धरून दाखवावी. त्यानंतर खिडक्यांचं बोलू.