सोसायटीची कागदपत्रे आणि फोल्डरची मांडणी : माझा अनुभव

कोथरूडमधील आमच्या गृहनिर्माण संस्थेचे खजिनदारपद माझ्याकडे आल्यापासून संस्थेचे बहुतेक सगळे कागद माझ्या घरच्या संगणकावर आहेत : महावितरणची बिले, मिळकतकराच्या पावत्या, लिफ्टच्या देखभालीचा करार, सभांची इतिवृत्ते आणि उन्हाळ्यात भराभर वाढत जाणाऱ्या पाण्याच्या टँकरच्या पावत्या. १ एप्रिल ते ३१ मार्च अशा प्रत्येक आर्थिक वर्षाचा स्वतंत्र फोल्डर होता, त्यामुळे कागद कोठे आहे हे मला ठाऊक असे. पण फोल्डर उघडल्यावर तो समोर दिसेलच याची शाश्वती नसे. एका फोल्डरमध्ये मोठमोठी चित्रे, दुसऱ्यात बारीक यादी, तिसऱ्यात ‘आज’, ‘काल’, ‘गेल्या आठवड्यात’ असे गट. आमच्या तरुण सेक्रेटरींचा ‘काका, लिफ्टची गेल्या वर्षीची पावती आत्ता पाठवता का?’ असा फोन आला की या विस्कळीतपणाची खरी किंमत कळे.

प्रत्येक फोल्डरची मांडणी स्वतंत्रपणे बदलत बसण्याऐवजी ती वेगवेगळी का होते हे आधी समजून घ्यायचे मी ठरवले, आणि तेथेच अर्धे काम झाले. विंडोजमध्ये प्रत्येक फोल्डरला एक प्रकार दिलेला असतो. असे प्रकार पाच आहेत : जनरल आयटम्स, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक आणि व्हिडिओज. आपण काहीच सांगितले नाही, तर आत कोणत्या जातीच्या फायली आहेत हे पाहून विंडोज स्वतःच अंदाज करते आणि त्या प्रकाराला साजेशी मांडणी लावते. टँकरवाल्याने हाताने लिहिलेल्या पावत्यांचे फोटो वॉचमन पाठवतो, म्हणून तो फोल्डर ‘पिक्चर्स’ ठरला होता. सगळ्यात गमतीचा प्रकार सभेच्या ध्वनिमुद्रणांचा होता. तो फोल्डर ‘म्युझिक’ समजला गेल्यामुळे पार्किंगवरून झालेल्या दोन तासांच्या वादावादीपुढे कलाकार आणि अल्बम असे रकाने मोकळे उभे होते. (कलाकारांची नावे मी भरू शकलो असतो, पण सोसायटीत राहायचे आहे.)

म्हणून पहिली पायरी प्रकार ठरवण्याची. ‘सोसायटी’ या मुख्य फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडले, त्यातील कस्टमाइझ या टॅबवर ‘ऑप्टिमाइझ धिस फोल्डर फॉर’ येथे ‘जनरल आयटम्स’ निवडले आणि खालच्या चौकटीत टिक केली, जेणेकरून आतल्या सगळ्या उपफोल्डरांनाही तोच प्रकार लागू व्हावा. ही टिक महत्त्वाची आहे, कारण ती नसेल तर बदल फक्त वरच्या फोल्डरपुरता राहतो. याचा एक अनपेक्षित लाभही झाला : शेकडो स्कॅन असलेला जो फोल्डर उघडताना वरच्या पट्टीत हिरवी रेघ रेंगाळत असे, तो आता चटकन उघडू लागला. ‘पिक्चर्स’ प्रकारात प्रत्येक फाइलच्या आतली माहिती वाचून रकाने भरले जातात, त्यात तो वेळ जात होता.

दुसरी पायरी प्रत्यक्ष मांडणीची. व्ह्यूमध्ये डिटेल्स निवडले, रकान्यांच्या शीर्षकावर राइट क्लिक करून नाव, बदलाची तारीख, प्रकार आणि आकार एवढेच रकाने ठेवले, आणि ग्रुप बाय ‘नन’ केले, म्हणजे गट काढून टाकले. हा गटांचा मुद्दा पुष्कळांच्या लक्षात येत नाही. डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये तारखेनुसार गट आधीपासूनच लावलेले असतात, आणि ते असेपर्यंत नावानुसार क्रम लावला तरी तो प्रत्येक गटाच्या आत वेगळा लागतो. त्यामुळे क्रम लागतच नाही असे वाटत राहते. एक फोल्डर मनासारखा झाल्यावर तीन टिंबांच्या मेनूतून ऑप्शन्स, तेथे व्ह्यू टॅब आणि ‘अप्लाय टू फोल्डर्स’ एवढे केले. या बटणाचा अर्थ ‘सगळ्या फोल्डरांना’ असा नसून ‘याच प्रकारच्या सगळ्या फोल्डरांना’ असा आहे. प्रकार आधी ठरवून घेण्याचे कारण हेच.

त्याच टॅबवर फाइलच्या नावाचे शेपूट, म्हणजे एक्स्टेन्शन, लपवण्याची खूण असते आणि ती मुळात चालू असते. ती मी काढून टाकली. ई-मेलने आलेली ‘बिल.पीडीएफ.ईएक्सई’ अशी फाइल बिल नसून उघडताच चालू होणारा प्रोग्रॅम असते, पण शेपूट लपलेले असताना ती नुसती ‘बिल.पीडीएफ’ दिसते, आणि संस्थेच्या पैशांचे व्यवहार ज्या संगणकावरून होतात तेथे हा धोका पत्करण्यात अर्थ नाही.

टँकरच्या पावत्यांना मात्र मी यादीच्या शिस्तीत बसवले नाही. त्या हस्ताक्षरातल्या चिठ्ठ्या नावावरून नव्हे, तर कागदाच्या रंगावरून आणि शिक्क्यावरून ओळखू येतात. म्हणून तो एकच फोल्डर पुन्हा ‘पिक्चर्स’ केला आणि त्यात मोठी चित्रे ठेवली. कंट्रोल दाबून माउसचे चाक फिरवले की ती लहानमोठी होतात. इतर फोल्डरांत अल्ट आणि पी दाबून उजवीकडे प्रीव्ह्यूची चौकट उघडली की पीडीएफ न उघडताही बिलावरची रक्कम वाचता येते. सगळे फोल्डर एकसारखे दिसावेत हा हट्ट मला मुळीच पटत नाही.

तारखेच्या रकान्यावर माझा भरवसा होता, तो तपासणीत टिकला नाही. फाइलची प्रत केली की तयार झाल्याची तारीख प्रत केल्या दिवसाची होते, बदलाची तारीख मात्र जुनीच राहते. आणि व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून आलेल्या चित्रात तो काढल्याची तारीख उरतच नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवले तरच राहते. एप्रिलमधली पावती मी जूनमध्ये उतरवून घेतली, तर संगणकाच्या दृष्टीने ती जूनचीच. त्यामुळे पावतीवरची तारीख नावातच आणली : आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, आणि त्यापुढे विषय, उदाहरणार्थ ‘२०२५-०४-१७ टँकर’. महिना आणि दिवस दोन आकडी लिहिले की नावानुसार लावलेला क्रम हाच तारखेचा क्रम होतो.

फाइल जोडताना किंवा साठवताना उघडणाऱ्या खिडकीला ही मांडणी लागू होत नाही, कारण तिची मांडणी वेगळी लक्षात ठेवली जाते; ती तेथेच जाऊन पुन्हा लावावी लागली. शिवाय ही सारी मांडणी या संगणकावरच्या माझ्या खात्यात नोंदलेली असते, फोल्डरबरोबर प्रवास करत नाही. लेखापरीक्षणासाठी पूर्ण वर्षाचा फोल्डर पेन ड्राइव्हवर घालून दिला, तेव्हा लेखापरीक्षकांच्या संगणकावर तो त्यांच्याच पद्धतीने, बारीक चित्रांत उघडला. त्यांनी नावाच्या क्रमाने लावून घेतले आणि एप्रिलच्या पहिल्या पावतीपासून तपासायला सुरुवात केली.