फॉर्मवर ‘मराठी’ लिहिलं आणि साडेतीन वर्षं अडकलो : माझा अनुभव

काल धाकट्याचं पत्र आलं. किंडरगार्टन सुरू होऊन जेमतेम पाच आठवडे झालेत, त्याची इंग्लिशची टेस्ट झाली आणि पत्रात लिहिलंय ‘आयएफईपी’, म्हणजे मूल पहिल्यापासूनच इंग्लिशमध्ये फ्लुएंट आहे, विषय संपला. दोन मिनिटं बरं वाटलं आणि मग जो संताप आला तो अजून गेलेला नाही, म्हणून लिहायला बसले. कारण तेच घर, तेच आईबाप, फॉर्मही तोच, आणि मोठीला ह्याच कागदापर्यंत पोचायला साडेतीन वर्षं लागली.

आम्ही कॅलिफोर्नियात, बे एरियात राहतो. स्कूल डिस्ट्रिक्टचं, म्हणजे इथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेचं, नाव घेत नाही, पुढची कितीतरी वर्षं त्याच लोकांकडे जायचंय.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये मोठी किंडरला गेली. अ‍ॅडमिशनचं काही सांगण्यासारखं नाही, जन्मदाखला, लसी, घराचं लीज आणि विजेचं बिल, झालं. त्यातच एक होम लँग्वेज सर्व्हे असतो, चार प्रश्न. मूल बोलायला लागलं तेव्हा पहिली भाषा कुठली शिकलं, घरी सगळ्यात जास्त कुठली बोलतं, तुम्ही त्याच्याशी कुठल्या भाषेत बोलता, आणि घरातली मोठी माणसं आपसात काय बोलतात. मी चारही ठिकाणी ठोकून ‘मराठी’ लिहिलं. खोटं काय त्यात? सासूबाई २०२० च्या फेब्रुवारीत सहा महिन्यांसाठी म्हणून ठाण्याहून आल्या आणि विमानं बंद झाल्यावर इथेच अडकल्या, त्यामुळे पोरगी अख्खा लॉकडाऊन आजीच्या मांडीवर चिऊकाऊच्या गोष्टी ऐकत वाढली. मला तर अभिमान वाटला होता लिहिताना. अमेरिकेतल्या सरकारी कागदावर मराठी!

नवरा म्हणाला होता, इंग्लिश लिही, सगळे इंग्लिशच लिहितात. मी त्याला भाषण दिलं. ते भाषण त्याने पुढे साडेतीन वर्षं मला अधूनमधून परत ऐकवलं.

तर होतं काय, की त्या चारपैकी पहिल्या तीन प्रश्नांत कुठेही इंग्लिश सोडून दुसरी भाषा आली की शाळेला ३० दिवसांच्या आत मुलाची टेस्ट घ्यावीच लागते, तिचं नाव इनिशियल ईएलपॅक. ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं असे चार भाग. किंडरमध्ये तोंडी भागाला सगळ्यात जास्त वजन. आणि ही टेस्ट आहे हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही, म्हणजे पॅकेटमध्ये कुठेतरी कागद असणार, पण त्या पॅकेटमध्ये लंच मेन्यूपासून भूकंपाच्या ड्रिलपर्यंत सगळंच होतं.

शाळेचा तिसरा आठवडा. दीड वर्ष घराबाहेर न पडलेलं पाच वर्षांचं पोर, तोंडाला मास्क, समोरच्या बाईच्या तोंडाला मास्क, ती बाई अनोळखी, आणि ती चित्र दाखवून विचारतेय ह्यात काय चाललंय सांग. आमच्या बाईसाहेबांनी काय केलं तर मान हलवली. घरी येऊन मला म्हणाली, ‘‘एक टीचर होती, तिला चित्रातलं काही दिसतच नव्हतं, सारखं मलाच विचारत होती.’’ आम्ही हसलो. महिन्याभराने पत्र आलं तेव्हा हसू गेलं. ‘इंग्लिश लर्नर’, म्हणजे ईएल, इंग्लिश अजून शिकणारं मूल. जी पोरगी दिवसभर कार्टूनच्या भाषेत भावल्यांना रागवायची तिला!

इथे एक टीप, जी मला तीन वर्षांनी कळली आणि जी खरं म्हणजे ह्या लेखात सगळ्यात वर असायला हवी होती. इनिशियलचा निकाल चुकलाय असं वाटलं तर पालकांना तो तपासून घ्यायची लेखी मागणी करता येते, पण पहिली वार्षिक टेस्ट व्हायच्या आधीच, आणि एकदाच. पत्र आलं की लगेच लिहा. मी पत्र फ्रिजवर लावलं आणि ‘बघू’ म्हटलं. सर्व्हेचा फॉर्मही नंतर बदलता येतो, पण टेस्ट होऊन गेल्यावर बदलून काही उपयोग नाही, लेबल तसंच राहतं.

एकदा ईएल लागलं की दरवर्षी फेब्रुवारी ते मे ह्या काळात समेटिव्ह ईएलपॅक द्यावी लागते, सुटेपर्यंत. ती नाकारता येत नाही. तिसरीपासूनच्या राज्याच्या ज्या मोठ्या टेस्ट आहेत, त्या आईबापांनी लिहून दिलं तर टाळता येतात, ही नाही. लेव्हल एक ते चार, आणि सुटायला चारच हवी. किंडरला तीन आली. पहिलीला परत तीन. सासूबाई तोवर ठाण्याला परत गेल्या होत्या, त्यांना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, ‘‘अगं चारपैकी तीन म्हणजे पंच्याहत्तर टक्के, फर्स्ट क्लास की!’’ मी म्हटलं आई, इथे फर्स्ट क्लासला नापास म्हणतात.

ईएल मुलांना रोज वेगळा इंग्लिशचा तास असतो. तास वाईट नव्हता, टीचरही चांगल्या होत्या, पण त्या वेळात बाकीचा वर्ग काहीतरी मजेचं करायचा आणि ही उठून दुसऱ्या टेबलावर. मैत्रिणीचा मुलगा मिडल स्कूलमध्ये गेला तरी सुटला नव्हता, त्याचा बँडचा पिरियड ह्यात गेला. पण मला लागलं ते वेगळंच. एकदा व्हिडिओ कॉलवर ही आजीला म्हणाली, ‘‘आजी, मराठी हळू बोल, नाहीतर टेस्ट लागते.’’ सासूबाई हसल्या. मी स्वयंपाकघरात गेले.

नंतर रागाच्या भरात मी ह्या नियमाचा इतिहास वाचला, शिव्या घालायला काहीतरी मुद्दा मिळावा म्हणून. तर निघालं उलटंच. १९७४ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, लाऊ विरुद्ध निकोल्स, सॅन फ्रान्सिस्कोतला, आमच्यापासून तासाभरावरचा. चिनी मुलांना वर्गात इंग्लिश कळतच नव्हतं आणि शाळा काही मदत करत नव्हती, कोर्ट म्हणालं तेच पुस्तक आणि तेच टीचर दिले म्हणजे समान वागणूक होत नाही. ह्या निकालाने शाळांना जाग आली. आता ह्याच्यावर काय बोलणार. नियमाशी माझं भांडण नाहीच. एकदा आत गेलेलं मूल बाहेर काढायची घाई कुणालाच नसते, भांडण ते आहे.

तर आता मुख्य रामायण. दुसरीत, २०२४ च्या वसंतात, लेव्हल चार आली. पोर्टलवर दिसली त्या दिवशी मी शिरा केला. मला वाटलं सुटलो. अजून आठ महिने होते.

कारण चार ही फक्त पहिली अट. ईएलमधून सुटण्याला रीक्लासिफिकेशन म्हणतात आणि अटीही चारच आहेत : ईएलपॅकमध्ये चार, टीचरचं मूल्यमापन, पालकांशी सल्लामसलत, आणि मूलभूत कौशल्यांत मूल इंग्लिश चांगलं येणाऱ्या त्याच वयाच्या मुलांच्या बरोबरीचं आहे ह्याचा पुरावा. ही चौथी जी आहे ती प्रत्येक डिस्ट्रिक्ट आपापल्या टेस्टवर ठरवतं. राज्याची इंग्लिश-गणिताची टेस्ट तिसरी ते आठवी आणि मग अकरावीला, म्हणजे दुसरीतल्या मुलाकडे दाखवायला राज्याचा मार्कच नसतो, मग डिस्ट्रिक्टची रीडिंग टेस्ट.

जूनमध्ये मेल टाकला. ऑटोरिप्लाय, ऑगस्टपर्यंत सुट्टी. ऑगस्टमध्ये शाळेच्या ऑफिसात गेले तर म्हणाल्या डिस्ट्रिक्टकडून यादी आली की आम्ही सुरू करतो. डिस्ट्रिक्टला फोन केला तर म्हणे शाळेने सुरू केलं की आमच्याकडे येतं. मी दोघांचे मेल एकाच मेलमध्ये चिकटवून दोघांना पाठवले. (ही पण टीप धरा. सगळं लेखी ठेवा, फोनवर बोललात तरी नंतर ‘आपलं असं बोलणं झालं’ म्हणून मेल टाकाच.) त्यावर कळलं की जी बाई हे बघायची ती सोडून गेली, नवीन अजून यायचीय.

सप्टेंबरात टीचरचा फॉर्म. तिसरीच्या टीचर म्हणाल्या मी हिला तीन आठवडे ओळखते, मी काय लिहू. दुसरीच्या टीचर दुसऱ्या शाळेत गेलेल्या. दोघींचंही चुकलं म्हणता येत नाही, हाच तर वैताग आहे ह्या सगळ्या प्रकरणाचा, कुणाचंच चुकलेलं नसतं आणि कागद हलत नाही.

ऑक्टोबरात रीडिंग टेस्ट झाली आणि कटऑफ चार पॉइंटनी हुकला. चार! मी तिला विचारलं कठीण होती का ग, तर म्हणाली नाही, पण लवकर संपवली की स्नॅक लवकर खाता येतो. साधारण तासाभराची टेस्ट तिने सतरा मिनिटांत उरकली होती. हे मला टीचरने दाखवलं, स्क्रीनवर वेळ येते. मी त्या दिवशी गाडीत बसून आधी रडले आणि मग हसले, आणि मग घरी जाऊन तिला जे बोलायचं ते बोलले. तर तुमच्या मुलांना टेस्टच्या दिवशी पोट भरून पाठवा आणि सांगा की लवकर संपवण्याला बक्षीस नाही. हे आपल्याला उघड वाटतं पण सात-आठ वर्षांच्या पोराला टेस्ट म्हणजे काय हे खरंच माहीत नसतं, इथे वर्गात पहिला नंबर-दुसरा नंबर असलं काही नसतंच.

पुढची विंडो, म्हणजे टेस्ट घ्यायचा ठरलेला काळ, डिसेंबरात. मधे नोव्हेंबरात पालक मीटिंगचं पत्र आलं, मीटिंगची तारीख पत्र मिळायच्या दोन दिवस आधीची. परत मेल. डिसेंबरात टेस्ट झाली, ह्यावेळी बाईसाहेब पन्नास मिनिटं बसल्या, भरपूर वरचा स्कोअर आला. मग ख्रिसमसची सुट्टी.

आणि माझ्या डोक्यात एकच तारीख, १ फेब्रुवारी. त्या दिवशी नवी ईएलपॅक विंडो उघडते, तोवर कागद पूर्ण झाला नाही तर पोरगी परत टेस्टला बसणार आणि समजा तीन आली तर? मी जानेवारीत दर सोमवारी सकाळी साडेआठला ऑफिसात उभी. समोरच्या बाई मला बघून नुसतं ‘नॉट येट’ म्हणायच्या, नाव विचारायच्या बंद झाल्या होत्या.

शेवटी तिसऱ्या आठवड्यात मीटिंग झाली. सुरुवातीलाच मला विचारलं, तुम्हाला दुभाषी हवाय का? सात महिने मी ह्या लोकांना इंग्लिशमध्ये पानं-पानं मेल लिहितेय! नको म्हटलं. मग विचारलं, तुमची मुलगी इंग्लिश लर्नर ह्या गटातून बाहेर पडावी ह्याला तुमची सहमती आहे का. मी सहीच केली, तोंड उघडलं नाही, उघडलं असतं तर भलतंच काहीतरी निघालं असतं. मीटिंग अकरा मिनिटं चालली. अकरा.

आता धाकट्याचं. ह्यावेळी फॉर्म समोर आला तेव्हा नवरा काहीच बोलला नाही, फक्त बघत बसला. मी पहिलं उत्तर मराठी लिहिलं, कारण पहिला शब्द ‘आई’ होता, ‘मॉम’ नाही. तिसरंही मराठी. दुसरं मात्र इंग्लिश, कारण हा दिवसभर बहिणीच्या मागे असतो आणि ती त्याच्याशी इंग्लिशच बोलते, ते जे आहे ते आहे. टेस्ट चुकत नाही हे माहीत होतं, तीनपैकी एक जरी मराठी असलं तरी लागतेच. ग्रुपवर कुणी विचारलं की सगळे अजूनही इंग्लिश लिही सांगतात, मी तसं सांगणार नाही, पण टेस्ट कशी असते ते आधी बघून ठेवा एवढं नक्की सांगेन. ईएलपॅकच्या साइटवर प्रॅक्टिस टेस्ट फुकट आहेत. आम्ही उन्हाळ्यात रात्री चित्रं बघायचो, ह्यात काय चाललंय सांग, का चाललंय सांग, गोष्ट ऐकून परत सांग. शाळेला मेल करून टेस्ट कुठल्या आठवड्यात आहे ते विचारलं आणि धाकट्याला सांगितलं, एक टीचर तुला न्यायला येईल, तिला चित्र नीट दिसत नाही, तू तिला सगळं सांगायचं. ही युक्ती बहिणीची. तो म्हणे तिच्याशी इतका बोलला की तिनेच थांबवलं.

अजून एक, ट्रान्झिशनल किंडरच्या, म्हणजे किंडरच्या आधीच्या वर्गातल्या, चार वर्षांच्या मुलांना २०२४ च्या कायद्याने ही टेस्ट आता नाही, त्यामुळे कुणी जुन्या माहितीवर घाबरवलं तर घाबरू नका, किंडरपर्यंत वेळ आहे.

आणि ह्याच राज्यात, बारावी होताना इंग्लिशसोबत दुसरी भाषा उत्तम येत असेल तर डिप्लोमावर सोनेरी सील लावतात, सील ऑफ बायलिटरसी, हे करणारं कॅलिफोर्निया पहिलं राज्य. मोठी दर रविवारी मराठी शाळेत जाते, जोडाक्षरांवर भांडते. ते सील तिला मिळवून द्यायचंच असं मी ठरवलंय, थोडंसं सूड म्हणून.

काल धाकट्याच्या पत्रासोबत दप्तरात मोठीचाही एक कागद होता. सुटलेल्या मुलांवर पुढची चार वर्षं लक्ष ठेवतात, त्याचा फॉर्म. वाचला, सही केली, खाली तारीख टाकली आणि फोटो काढून ठेवला.