आमची वाटचाल: जागा आमची, वेळापत्रक मावशींचं आणि भट्टीचं

रिट्रीट सेंटर सुरू केलं तेव्हा माझ्या डोक्यात फक्त जागा होती. झाडं, शांतता, मोबाईलला रेंज नाही, एवढं असलं की झालं असं वाटायचं. लोक आले पण. आणि दुसऱ्यांदा बुकिंग करताना काय विचारायचे तर स्वयंपाकाच्या मावशी आहेत ना अजून, मातीकामवाले सर आहेत ना. झाडांची चौकशी आजवर एकानेही केली नाही.

मावशी आल्या तेव्हा त्यांचा हात पाच-सहा माणसांच्या स्वयंपाकाचा आणि आमची पहिली बॅच तीस जणांची. मी हिशोबी माणूस, म्हटलं सगळं पाचपट करा. त्या हसल्या. पाणी पाचपट घातलं की रस्सा पातळ होतो, कारण मोठ्या पातेल्यात वाफेने पाणी त्या मानाने कमी उडतं. मीठ-तिखट आधी कमी घालायचं आणि चव घेत वाढवायचं. उकळी यायला तर इतका वेळ लागतो की जेवण एकला हवं तर गॅस कधी पेटवायचा हे मावशी ठरवणार, मी नाही.

आमचं खरं भांडण झालं भातावरून. दुपारचा पातेलंभर भात उरला, झाकून तसाच ओट्यावर राहिला, मी म्हटलं रात्री गरम करून वाढू, आणि मावशींनी तो माझ्यासमोर टाकून दिला. मला अन्न टाकण्याचा भयंकर राग आला होता, पण नंतर नीट वाचलं तेव्हा कळलं बाई बरोबर होत्या. बॅसिलस सिरियस म्हणून जंतू असतो, त्याचे बीजाणू भात शिजवताना मरत नाहीत, भात कोमट राहिला की ते वाढतात आणि जे विष तयार होतं ते परत गरम करूनही जात नाही. खोल पातेल्याच्या मधला भात तासन्‌तास कोमटच असतो. तेव्हापासून उरलेला भात लगेच पसरट ट्रेमध्ये आणि थोडा निवला की थेट फ्रीजमध्ये, फ्रीज ५ अंशांच्या खाली. गरम ठेवायचं ते ६० अंशांच्या वर. मधे काही ठेवायचं नाही. थर्मामीटर आता मावशींच्या ॲप्रनच्या खिशात असतो, मला हात लावू देत नाहीत.

मातीकामात मात्र चूक पूर्णपणे माझी. मी जाहिरात केली होती की शनिवारी भांडं बनवा, रविवारी घरी न्या. सर म्हणाले अहो माती वाळायला आठवडा लागतो, जाड असेल तर जास्तच, मी म्हटलं पंखा लावू. लावला. रात्री भट्टीतून फटाक्यासारखे आवाज. माती वरून कोरडी दिसते पण आत पाणी असतं, १०० अंशांना त्याची वाफ होते, वाफेला बाहेर पडायला वाट नाही मिळाली की भांडं फुटतं आणि शेजारच्या चांगल्या भांड्यांनाही घेऊन जातं. पुढे ५७३ अंशांना मातीतल्या क्वार्ट्झचं रूप बदलतं, ते एकदम फुगतं, तिथेही घाई केली की तडे. तापवताना सावकाश आणि निववताना तर अजूनच सावकाश. सकाळी लोकांना तुकडे दाखवताना सर माझ्याशेजारी उभे होते, एक शब्द बोलले नाहीत, ते जास्त लागलं. आता भांडी नंतर कुरियरने जातात.

रंगकामाच्या ताईंचं आणि मावशींचं वेगळंच. कांद्याची सालं मावशी वर्षभर पोत्यात साठवतात, तुरटीत भिजवून घेतलेल्या लोकरीला त्यातून सुंदर पिवळा-केशरी रंग येतो. लोकांना हळद हवी असते कारण ती लगेच चढते, पण ताई सरळ नाही म्हणतात, उन्हात चार दिवसांत उडते. एकदा ताईंनी स्वयंपाकघरातलं पातेलं नेलं आणि रंग झाल्यावर घासून परत आणून ठेवलं. मावशींनी ते परत घेतलंच नाही, आणि घेऊही नये, लोखंडाचे क्षार वगैरे वापरलेलं भांडं स्वयंपाकात चालत नाही म्हणजे नाही. आता ताईंच्या भांड्यांच्या कानांना लाल रंग मारलाय.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली, लिहायला लाज वाटते. मी सरांना आणि ताईंना क्लासच्या तासाचे पैसे द्यायचो. माती मळणं, भट्टीपाशी रात्रभर बसणं, लोकर धुणं, हे तास माझ्या वहीत नव्हतेच. आणि मावशींचा तर पगार सगळ्यात कमी, कारण (आता वाटतं) ज्यांना सर म्हणतो त्यांचं काम कला आणि ज्यांना मावशी म्हणतो त्यांचं काम घरचंच, असं मी धरून चाललो होतो. पहाटे पाचला येणाऱ्या त्या आणि सातला चहा मागणारा मी. आता तयारीचे तास मोजतो, पैसे त्याप्रमाणे देतो, बॅच तीसवरून सोळावर आणली. नफा कमी झाला का, तर हो, झाला.

गेल्या बॅचची भांडी अजून भट्टीत आहेत, मंगळवारी उघडणार. कोणाचं फुटलं का विचारायला रोज फोन येतायत, पण तोपर्यंत सरांनाही माहीत नसतं हो.