पोर्टिंगचा कोड, चार दिवस आणि बिलातले २४७ रुपये

पोर्टिंगचा, म्हणजे नंबर तोच ठेवून मोबाइल कंपनी बदलण्याचा कोड चार दिवस चालतो, हे आता बहुतेकांना पाठ आहे. ते कंपनीच्या कॉल सेंटरलाही पाठ असतं, आणि जाणाऱ्या ग्राहकाला थोपवून धरण्याचं त्यांचं गणित या चार दिवसांवरच बसवलेलं असतं. माझा पहिला कोड टोलवाटोलवीत संपला, दुसरा मिळालाच नाही, तिसऱ्या खेपेला बिल उतरलं. तुमचं काम पहिल्याच खेपेला व्हावं म्हणून हे लिहितोय.

नंबर पोस्टपेड, कोल्हापुरात घेतलेला, राहणं बेळगावात. मूळ भाडं ६९९, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे महिन्याला ८२४ रुपये ८२ पैसे. तेवढाच डेटा देणारा प्लॅन दुसऱ्या कंपनीकडे बराच स्वस्त होता. तरीही मला नंबर हलवायचा नव्हता, भाडं कमी करून हवं होतं. पण जायची खरी तयारी नसेल तर नुसत्या बोलण्याने कोणी एक रुपयाही कमी करत नाही. कंपनीच्या ग्राहकसेवेला, म्हणजे १२१ ला, फोन लावून 'बिल जास्त येतंय' म्हटलं की तिथला माणूस उलट मोठा प्लॅन विकायला बघतो. सूट द्यायचा अधिकार त्याच्याकडे नसतोच. जाणाऱ्यांना अडवणारा विभाग वेगळा असतो, आणि १९०० ला पोर्टिंगचा मेसेज गेला की त्यांच्याकडूनच फोन येतो.

मेसेज सोपा आहे: इंग्रजी मोठ्या अक्षरांत 'पोर्ट', एक जागा मोकळी, मग दहा आकडी नंबर, आणि पाठवायचा १९०० ला, त्याच नंबरवरून. उत्तरात आठ अक्षरांचा कोड येतो आणि त्याची मुदतही लिहिलेली असते. कोडची पहिली दोन अक्षरं कंपनी आणि सर्कल (टेलिकॉमसाठी पाडलेला देशाचा विभाग) दाखवतात. प्रीपेडवाल्यांना दुकानदार कधी कधी सांगतो की तुमच्या छोट्या रिचार्जमध्ये एसएमएस नाही, आधी मोठा मारा. ते ऐकू नका. कितीही रुपयांचं रिचार्ज असलं तरी पोर्टचा मेसेज जाऊ दिलाच पाहिजे, असा ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामकाचा, डिसेंबर २०२१ चा आदेश आहे.

आता सर्कलचं सांगतो, कारण सीमाभागातल्या माणसाचा पाय इथेच अडकतो. टेलिकॉमच्या हिशेबात बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी हे सगळं कर्नाटक सर्कल. शिनोळी ओलांडली की चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूर आणि थेट गोव्यापर्यंत महाराष्ट्र सर्कल. उचगाव-कुद्रेमनीच्या बाजूला फोन कधी पलीकडचा टॉवर पकडतो, पण टॉवर कुठला याला इथे काही किंमत नाही. नंबर मुळात कुठल्या सर्कलचा, त्यावर ऑफर ठरतात, तुम्हाला फोन कोण करणार ते ठरतं आणि कुठल्या दुकानात तुमचं काम होणार तेही ठरतं. महाराष्ट्राचा नंबर घेऊन बेळगावातल्या शोरूमच्या काउंटरवर गेलात तर मुलगा स्क्रीनकडे बघून सांगतो, "सर, हा नंबर आमच्याकडे येत नाही." त्याच्यावर चिडण्यात अर्थ नाही, त्याला खरोखरच काही दिसत नसतं. सिम खराब झालं तर त्याच नंबरचं दुसरं सिम घ्यायलाही गडहिंग्लज किंवा कोल्हापूर गाठायची वेळ येते. मात्र महाराष्ट्राच्या नंबरवर मला फोन मराठीतून आले. कर्नाटकाच्या नंबरवर ते कन्नड, हिंदी नाहीतर इंग्रजीतून येतात. कन्नड येत असेल तर बिनधास्त कन्नडमध्येच बोला, समोरचा मोकळेपणाने बोलतो आणि काम लवकर होतं. येत नसेल तर सुरुवातीलाच हिंदी मागून घ्या, अर्धवट समजलेल्या ऑफरला 'हो' म्हणू नका.

पहिला कोड मी सोमवारी संध्याकाळी मागवला, मुदत शुक्रवारपर्यंत. तासाभरात फोन आला: "भाड्यावर ३० टक्के सूट देतो, सहा महिने. टीमकडे पाठवतो, ४८ तासांत कन्फर्म होईल." ऐकायला बरं वाटलं. बुधवारी संध्याकाळपर्यंत काहीच नाही. गुरुवारी मीच फोन केला, तर या वेळचा माणूस वेगळा, आधीच्या बोलण्याची नोंद त्याला दिसेना. त्याने परत विनंती टाकली, परत ४८ तास. शुक्रवारी दुपारी फोन आला की सूट मंजूर आहे, पुढच्या बिलात दिसेल, तुम्ही फक्त दुसरीकडे जाऊ नका. शनिवारी कोड मेला. पुढचं बिल आलं ते जसंच्या तसं, ८२४.८२. त्यावर १९८ या तक्रारीच्या नंबरला विचारलं तेव्हा 'अशी ऑफर सिस्टिममध्ये दिसत नाही' हे एकच वाक्य तीन वेळा ऐकवलं.

चार दिवस आणि ४८ तास यांचं नातं इथे आहे. दोनदा '४८ तास' म्हटलं की कोड संपतो. कोड संपल्यावर तुम्ही परत साधे ग्राहक, आणि साध्या ग्राहकाला सूट नसते. समोरचा खोटंच बोलतो असं नाही. प्रत्येक फोन वेगळ्या माणसाकडे जातो, लेखी काही मागितलं नाही तर मागे काही उरत नाही, आणि ही ढिलाई कंपनीला परवडते. मला परवडली नाही. त्या महिन्यात सूट गेलीच, शिवाय पाच फोनांत मिळून दोन तासांवर वेळ गेला, याचा राग अजून जात नाही.

दुसऱ्या खेपेला कोडच आला नाही. उत्तर आलं की बिल थकीत आहे. थकीत काहीच नव्हतं, नवीन बिल आदल्या रात्री निघालं होतं आणि भरायची मुदत पुढे पंधरा दिवस होती. पण नियमात मुदत बघत नाहीत, बघतात ते निघालेलं बिल भरलंय की नाही. डिसेंबर २०१९ पासून ही सगळी तपासणी कोड देण्याआधीच होते. पोस्टपेडवर बिलाची बाकी नाही ना, या कंपनीत ९० दिवस झालेत ना, नंबरची मालकी बदलण्याचा अर्ज पडून नाही ना, हे सगळं मेसेज गेल्या गेल्या बघतात आणि अडचण असेल तर कारण कळवतात. १ जुलै २०२४ पासून आणखी एक अट आली: सिम हरवलं किंवा बिघडलं म्हणून बदलून घेतलं असेल तर सात दिवस कोड मिळत नाही. म्हणून पोस्टपेडवाल्यांनी आधी बिलाची तारीख बघावी. बिल निघालं की ते भरावं, भरलेली रक्कम ॲपमध्ये जमा दिसू द्यावी (यूपीआयने भरली तरी कधी कधी एक दिवस लागतो), आणि मगच १९०० ला मेसेज करावा.

तिसऱ्या खेपेला मी क्रम बदलला. बिल भरलं, दोन दिवस थांबलो, सोमवारी सकाळी मेसेज टाकला. संध्याकाळी नाही, सकाळी, म्हणजे पहिला दिवस हातात राहतो. फोन आला तेव्हा आधी समोरच्याचं नाव आणि विनंतीचा क्रमांक लिहून घेतला. मग सरळ सांगितलं: "सूट लागू झाल्याचा एसएमएस बुधवारी संध्याकाळी सहापर्यंत आला नाही तर गुरुवारी सकाळी दुसऱ्या कंपनीच्या दुकानात मी सही करणार." शुक्रवारची मुदत मी बोललोच नाही. आपली मुदत कोडच्या मुदतीच्या दोन दिवस आधीची ठेवली की त्यांचे ४८ तास त्यात बसतात आणि ते फिरले तरी आपल्याकडे एक दिवस उरतो. मंगळवारी दुपारी एसएमएस आला. भाड्यावर ३० टक्के, सहा बिलं.

इथे हिशेब नीट करून घ्या. ६९९ वर ३० टक्के म्हणजे २०९.७० रुपये. भाडं राहतं ४८९.३०, त्यावर जीएसटी धरून बिल ५७७.३७. महिन्याला २४७.४५ रुपये वाचले, कारण भाडं कमी झाल्यावर त्यावरचा करही कमी होतो. हीच सूट 'पुढच्या बिलात २०० रुपये जमा' अशी एकरकमी देत असतील तर एका महिन्यात विषय संपतो. 'त्याच पैशात मोठा प्लॅन' ही तर सूटच नाही, खिशातून जायचे तेवढेच जातात. फोनवर या तिन्हींना 'ऑफर' हाच एक शब्द वापरतात, म्हणून विचारायचं ते असं: माझ्या मूळ भाड्यातून किती, किती बिलांपर्यंत, आणि मधे प्लॅन बदलला तर सूट राहते की जाते.

एक सावधगिरीची गोष्ट वर लिहायची राहिली. आठ अक्षरांचा कोड फोनवर कोणालाही सांगू नका. सूट द्यायला त्यांना तो लागत नाही. तो लागतो फक्त नव्या कंपनीच्या दुकानात अर्ज करताना. कोड मागणारा फोन कंपनीचा नसतो.

आणि समजा जायचंच ठरलं, तर बेळगावकरांनी हे बघावं. त्याच सर्कलमध्ये कंपनी बदलायला कामाचे तीन दिवस, सर्कल ओलांडायला पाच. महाराष्ट्राचा नंबर बेळगावातल्या दुकानात पोर्ट केला की तो कर्नाटक सर्कलचा होतो. आधारवर बेळगावचा पत्ता असेल तर अर्जाला अडचण येत नाही. उलट बाजूने, म्हणजे बेळगावच्या आधारवर शिनोळीत किंवा कोल्हापुरात पोर्ट करायला गेलात तर दुकानदार बाहेरगावचा ग्राहक धरतो आणि तिथला पत्ता, तिथल्या ओळखीच्या माणसाचा नंबर मागतो. अर्ज केल्यावर मन बदललं तर २४ तासांच्या आत 'कॅन्सल' आणि नंबर असा मेसेज १९०० लाच करून मागे फिरता येतं. एकदा गेलात की मग ९० दिवस हलता येत नाही. म्हणून आधी नव्या कंपनीचं एक स्वस्त प्रीपेड सिम महिनाभर दुसऱ्या खाचेत घालून बघा. शहापूर-वडगावच्या जुन्या जाड भिंतींच्या घरात दारात चार दांड्या आणि माजघरात एकही नाही असं होतं, आणि स्वस्त प्लॅनचं समाधान तिथेच संपतं. जुन्या कंपनीचं शेवटचं बिल पोर्ट झाल्यावर निघतं, तेही भरायचं. नाहीतर जुनी कंपनी कळवते आणि नव्या ठिकाणी नंबर बंद होऊ शकतो.

घरच्या फायबर इंटरनेटचं काम दोन फोनमध्ये मिटलं, त्यामुळे थोडक्यात. तिथे कोड नाही आणि मुदत नाही, तिथे तुमची ताकद गल्लीतल्या दुसऱ्या वायरमध्ये असते. तुमच्या खांबापर्यंत दुसऱ्या कोणाची फायबर आली आहे का ते आधी बघा. नसेल तर धमकीला अर्थ नाही. कनेक्शन स्थानिक केबलवाल्यामार्फत असेल तर कॉल सेंटरपेक्षा त्याच्याशीच बोला. महिन्याचं भाडं त्याला फारसं हलवता येत नाही, पण जोडणीचा खर्च, राउटर बदलणं, सहा महिने एकदम भरल्यावर एखादा महिना वर, हे तो करू शकतो. आधी मात्र तुमचा प्लॅन गरजेपेक्षा मोठा नाही ना ते तपासा. एका ४के चित्रपटाला २५ एमबीपीएस पुरतात. २०० एमबीपीएसचा प्लॅन घेऊन फोन २.४ गिगाहर्ट्‌झच्या वायफायवर ठेवला तर पन्नासच्या आसपासच मिळतात, बाकीचे पैसे हवेत. ५ गिगाहर्ट्‌झवर जोडून मोजा, मग ठरवा. मी १०० वरून ५० वर आलो, घरात कोणाला फरक कळला नाही. बंद करायचंच असेल तर राउटर, त्याचा अडॅप्टर आणि फायबरचा डबा परत दिल्याची पावती घेतल्याशिवाय माणसाला दारातून सोडू नका. अनामत तिथेच अडकते.

कबूल केलेली सूट बिलात दिसली नाही तर 'फोन केला होता' या बोलण्याला वजन नसतं. १९८ ला तक्रार नोंदवा आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, घ्या. निकाल पटला नाही किंवा मुदतीत आलाच नाही, तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. अपिलाला पैसे लागत नाहीत, आणि ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. पहिल्या खेपेला माझ्याकडे ना एसएमएस होता ना डॉकेट, म्हणून तिथपर्यंत जाताच आलं नाही.

प्रीपेडवाल्यांसाठी एक. २८ दिवसांचा पॅक वर्षाला १३ वेळा मारावा लागतो. ट्रायच्या २०२२ च्या नियमाने प्रत्येक कंपनीला निदान एक ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा पॅक ठेवावा लागतो. दुकानदार तो आपणहून दाखवत नाही, नाव घेऊन मागा आणि वर्षाचा हिशेब करून दोन्ही ताडून बघा.

आणि सूट सहा बिलांची असेल तर पाचवं बिल आलं की फोनमध्ये आठवण लावून ठेवा. सातवं बिल काही न सांगता ८२४.८२ वर जातं. पाचवं बिल भरून दोन दिवस झाले, की सोमवारी सकाळी परत १९००.