आधी बैठक बघा

"सगळ्या मूर्ती सारख्याच दिसतात. यातली हिंदू कुठली आणि जैन कुठली, हे ओळखता कसं?" खजुराहोचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

खजुराहोत पूर्वेकडच्या जैन मंदिरांजवळ साहू शांतिप्रसाद जैन कला संग्रहालय आहे. छोटंसं, गोलाकार. बहुतेक जण पश्चिमेकडची कंदारिया महादेव वगैरे देवळं बघून परत फिरतात. पण मूर्ती वाचायला शिकायचं असेल तर माझ्या मते इथूनच सुरुवात करावी. देवळाच्या भिंतीवर त्या इतक्या उंच असतात की मान दुखते आणि बारकावे निसटतात. इथे चंदेल राजांच्या काळातलं, म्हणजे ही देवळं उभी राहिली तेव्हाचं, तेच काम थेट डोळ्यांसमोर येतं.

तीर्थंकर, म्हणजे जैनांचे पूज्य धर्मप्रवर्तक, चेहऱ्यावरून ओळखता येत नाहीत, सगळ्यांची मुद्रा तितकीच शांत. म्हणून नजर आधी खाली, बैठकीवर न्यायची. तिथे लांछन, म्हणजे त्या तीर्थंकराचं ओळखचिन्ह, कोरलेलं असतं. बैल असेल तर ऋषभनाथ, सिंह असेल तर महावीर. मात्र बैठकीच्या दोन्ही कडांना जे सिंह असतात ते सिंहासनाचे, ते धरायचे नाहीत. ऋषभनाथांच्या खांद्यांवर केसांच्या बटा रुळताना दिसतात, तर पार्श्वनाथांच्या डोक्यावर नागाचे सात फणे.

यक्षींपाशी, म्हणजे तीर्थंकरांच्या सेवक देवतांपाशी, मात्र भलेभले चकतात. सिंह दिसला की आपण दुर्गा म्हणून मोकळे होतो. पण मांडीवर मूल आणि डोक्यावर आंब्याच्या डहाळ्या असतील तर ती नेमिनाथ या तीर्थंकरांची यक्षी अंबिका. वेरूळच्या 32 क्रमांकाच्या लेण्यात हीच आहे, आंब्याखाली सिंहावर बसलेली. तिथल्या हत्तीवरच्या यक्षाला लोकांनी इंद्र मानलं आणि लेण्याचं नावच इंद्रसभा पडलं.

संग्रहालयातून निघालात की शेजारच्या पार्श्वनाथ मंदिरात जा. गाभाऱ्यात पार्श्वनाथांची काळी मूर्ती आहे, पण बैठकीवर बैल! मूळ मंदिर ऋषभनाथांचं, म्हणजेच आदिनाथांचं. आत्ताची मूर्ती 1860 मध्ये बसवली. दारापाशी विक्रम संवत 1011 चा, म्हणजे इसवी सन 954 चा शिलालेख आहे. धंग या चंदेल राजाने मान दिलेल्या पाहिल नावाच्या गृहस्थाने मंदिराला 7 बागा दान केल्या, त्याची ही नोंद. पुढे कुठलाही वंश राज्य करो, त्याने हे दान सांभाळावं, मी त्याच्या दासांचा दास आहे, असं तो म्हणतो. ते वाचताना मला दर वेळी भरून येतं.

आणि या जैन मंदिराच्या बाहेरच्या भिंतीवर कोण असेल? बलराम-रेवती आहेत, राम-सीता आहेत आणि रामाने हनुमानाच्या डोक्यावर हात ठेवलाय. म्हणजे "हिंदू की जैन" हा तुमचा प्रश्न एकेका मूर्तीपुरताच विचारायचा, अख्ख्या देवळाला तो लागू पडत नाही. रामाचं शिल्प बरंच वर आहे, तेव्हा दुर्बीण असेल तर सोबत न्या.