तीन हत्या आणि एक हकालपट्टी

पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेलेला चिनी प्रवासी म्हणून आपण ज्याला शाळेच्या पुस्तकात भेटतो, तो ह्युएन त्संग चीनमध्ये एका माकडाचा गुरू म्हणून घरोघरी ठाऊक आहे. सातव्या शतकातल्या त्याच्या भारतयात्रेभोवती दंतकथा साचत गेल्या, त्यांतून सोळाव्या शतकात ‘पश्चिमेची यात्रा’ ही शंभर प्रकरणांची कादंबरी आकाराला आली आणि पुढे यांग च्ये या दिग्दर्शिकेने चिनी दूरचित्रवाणीसाठी तिची २५ भागांची मालिका केली. १९८२ साली सुरू झालेले हे चित्रीकरण मुख्यतः एकाच कॅमेऱ्यावर चालले आणि सगळे भाग प्रेक्षकांसमोर यायला १९८८ उजाडले. त्यातला दहावा भाग मला सर्वांत कसदार वाटतो.

गुरूचे मांस खाल्ल्यास अमरत्व मिळते, या लोभाने पांढऱ्या हाडांची राक्षसीण आधी अन्न घेऊन आलेली तरुणी होते, मग तिला शोधणारी म्हातारी आई आणि शेवटी म्हातारा बाप. गुरूचा माकड शिष्य सुन वुकोंग याच्या दिव्य दृष्टीला ती तिन्ही वेळा ओळखू येते आणि तिन्ही वेळा तो सोटा उगारतो. पण पहिल्या दोन वेळा ती खोटे प्रेत मागे टाकून निसटते, त्यामुळे गुरूला दिसतो तो केवळ निरपराध माणसांचा खून. प्रेक्षकाला सत्य ठाऊक असल्याने गुरूचा राग येतो खरा, परंतु ज्याने अहिंसेचे व्रत घेतले आहे आणि ज्याला मायेपलीकडचे दिसत नाही, त्याने दुसरे काय करायचे होते? मालिका त्याला मूर्ख ठरवत नाही, हे तिचे मोठेपण आहे. आगीत तेल ओततो तो गुरूचा दुसरा शिष्य, डुकराच्या तोंडाचा चू बाजिए. कादंबरीत तर समोर हाडांचा सापळा पडलेला असतानाही, मंत्राची शिक्षा चुकवण्यासाठी वुकोंगनेच ही जादू केली, असे तो गुरूच्या मनात भरवतो.

गुरू मंत्र म्हणू लागला की वुकोंगच्या डोक्यावरचे सोन्याचे कडे आवळत जाते आणि तो जमिनीवर गडबडा लोळतो. ही भूमिका करणारे चांग चिनलाय माकडाच्या भूमिकांसाठी ख्यातनाम असलेल्या नाट्यघराण्यातले. त्यांच्या वडिलांनी याच कथेवरच्या चित्रपटात वुकोंग रंगवला होता. त्यांच्या उड्या सगळ्यांच्या लक्षात राहतात, पण माझ्या मते त्यांचा खरा कस निरोपाच्या प्रसंगी लागतो. हकालपट्टीचे पत्र हाती पडल्यावर वुकोंग शेवटचा नमस्कार करू पाहतो, गुरू तोंड फिरवतो, तेव्हा तो आपलीच आणखी रूपे निर्माण करून चहूबाजूंनी गुडघे टेकतो, म्हणजे गुरू कोणत्याही दिशेला वळला तरी नमस्कार त्याच्या समोरच यावा. (आपल्याला इथे हनुमान आठवणारच, मात्र स्वर्गात बंड करून आलेल्या या माकडाला भक्ती ठेचा खात शिकावी लागली आहे.) चमत्काराची शक्ती एवढ्या साध्या कामासाठी वापरलेली मी क्वचितच पाहिली आहे. मुखवटे आणि धुराचे ढग आज जुनाट दिसतात, तरी हा प्रसंग जुना होत नाही.

पुढच्या भागात गुरू संकटात सापडतो आणि वुकोंगला परत आणायला त्याच्या डोंगरावर जावे लागते, ते नेमके चू बाजिएलाच.